बर्मिंगहॅमचा पांढरा बूट

बडोदे,
१६ सप्टेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

माणसे मारली गेल्यावर कवितेने काय होते, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. उत्तराला महिना लागला, कारण गोड शब्दांनी तुझी समजूत काढणे मला पटेना.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी, रविवारी सकाळी, अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. तिघी १४ वर्षांच्या, एक ११ वर्षांची. डडली रँडल या डेट्रॉइटच्या ग्रंथपाल कवीने त्यावर लिहिलेले कथाकाव्य १९६५ साली एका सुट्या पानावर छापून काढले. त्यात मुलगी विचारते, खेळायला न जाता मोर्चाला जाऊ का. कुत्री, दंडुके आणि बंदुका यांच्या भयाने आई नको म्हणते आणि तिला चर्चमध्ये गायला पाठवते, कारण तेवढी एकच जागा तिला निर्धोक वाटते. लेकीचे केस विंचरलेले, हातमोजे पांढरे, बूटही पांढरे. शेवटी काचा-विटांच्या ढिगात आईच्या हाती एक बूट लागतो. मारेकऱ्यांना साऱ्या कवितेत जागा नाही. सगळी जागा त्या मुलीची आहे, आणि म्हणूनच तो शोक मला खरा वाटतो.

ती कविता मी मराठीत उतरवून आईला वाचून दाखवली. मायलेकींचे बोलणे जात्यावरच्या ओवीसारखे साध्या चालीत जाते, आणि कवितेतली आई लाडाने हाक मारते तिथे 'बाळ' याखेरीज मला दुसरा शब्द सुचला नाही. आईने सगळे ऐकून एवढेच विचारले, "दुसरा बूट सापडला का रे?"

या गुन्ह्यात पहिली शिक्षा १९७७ साली झाली आणि शेवटची २००२ साली. ती कवितेमुळे झाली असे मी म्हणणार नाही. पण न्यायाला लागलेल्या त्या सगळ्या वर्षांत कवितेतली आई लेकीला हाका मारायची थांबली नाही, आणि मला आशा दिसते ती तिच्या या न थांबण्यात.

काल संध्याकाळी कमाटीबागेत संकल्पभूमीपाशी बसलो होतो. परदेशी शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली आपल्या या शहरात राहायला जागा मिळाली नाही, आणि त्यांनी तिथल्या झाडाखाली अश्रू ढाळले. जात आणि वर्ण एक नव्हेत, हे मी जाणतो. तरी ज्या मराठीत दलित कवींनी त्या अश्रूंचा जाब मागितला, त्या मराठीत ही आई परकी राहत नाही.

भाषांतर सोबत धाडले आहे. ते मोठ्याने वाच, आणि शेवटी आई लेकीला शोधत जो प्रश्न विचारते, तिथे आवाज कसा ठेवावा ते कळव. मला ते अजून साधलेले नाही.

तुझाच,
बडोद्याचा मित्र