वर्कशॉपमधल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, तुकडा टिकला.

पाइपलाइनच्या पोलादाचे ते तुकडे तुम्हीच कापून दिले होतेत. पहिल्या खेपेला आठवड्यातच त्यांच्यावरच्या माझ्या गंजरोधक कोटिंगला फोड आले, आणि मी गाइडपुढे सगळं खापर कोटिंगात मिसळलेल्या पांढऱ्या पुडीवर फोडलं. पुडीचं प्रमाण बदललं, ढवळण्याची वेळ बदलली, फोड तसेच. शेवटी तुम्ही नखाने कोटिंग उचललंत. खाली लंबगोल गंज, त्यात बारीक रेषासुद्धा. "पोरी, हा बघ तुझा अंगठा." घाम म्हणजे खारं पाणीच की! समुद्राचं मीठ बाहेर अडवायला निघालेली मी, कोटिंगच्या आत स्वतःचं मीठ ठेवत होते.

मग तुम्ही घासायला बसवलंत. एमरी पेपर 120 पासून 1200 नंबरापर्यंत, दर नंबराला तुकडा काटकोनात फिरवायचा, आधीचे चरे गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. मग अ‍ॅसिटोन, ड्रायर आणि चिमटा. बोट नाही म्हणजे नाही.

ही पांढरी पूड करते काय, असं तुम्ही विचारलं होतंत आणि मी घाईत टाळलं होतं. तिचं नाव झिफ-8. जस्ताचे अणू गाठींसारखे, त्यांना जोडणारे मिथाइल-इमिडाझोल या सेंद्रिय रसायनाचे रेणू काड्यांसारखे, मिळून पिंजरा होतो. त्यात मी बेन्झोट्रायाझोल हे गंज रोखणारं रसायन कोंडते आणि पूड इपॉक्सीत, म्हणजे कोटिंगच्या राळेत, मिसळते. कोटिंगला चरा पडून खारं पाणी पोलादापर्यंत पोचलं, की गंजू लागलेल्या जागी आम्लता वाढते. झिफ-8 ला आम्ल सोसत नाही. पिंजरा मोडतो, आतलं रसायन तिथेच पोलादाला चिकटून थर धरतं. यूआयओ-66 नावाचा झिर्कोनियमचा असाच पिंजरा पाण्यात जास्त चिवट, पण मला हा मोडकाच बरा.

असल्या पिंजऱ्यांसाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा आम्ही पेढे वाटले. डबा वर्कशॉपपर्यंत पोचला नाही, ते चुकलंच.

या खेपेला कोटिंगवर मुद्दाम सुरीने फुली मारली आणि तुकडा 3.5 टक्के मिठाच्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवला. फुलीत थोडी तांबूस रेघ आहे, नाही म्हणत नाही. पण कडेला नख घालून पाहिलं, कोटिंग सुटलं नाही.

सोमवारी दाखवायला आणते. पेढेही.

आपली,
अंगठ्याची मालकीण