स्तन पुनर्रचना: रेडिएशनचा उल्लेख का नाही?

महोदय,

कालच्या पुरवणीतला स्तनाच्या पुनर्रचनेवरचा लेख वाचला आणि तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवेना. कॅन्सरनंतर कधीही इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली ठेवायचा कृत्रिम स्तन, बसवता येतं, असं लेखिका म्हणतात. ते खरंच आहे, स्तन काढल्यावर कित्येक वर्षांनीही हे करता येतं. पण मधे रेडिएशन झालेलं असेल तर काय, यावर लेखात एक ओळसुद्धा नाही.

माझं रेडिएशन झालं होतं. त्याने छातीची कातडी आवळते, कडक होते, तिचा रक्तपुरवठा घटतो. उशिरा पुनर्रचना करताना बहुतेकदा आधी कातडीखाली एक्स्पांडर, म्हणजे फुग्यासारखी पिशवी, ठेवतात आणि दर खेपेला सुईने त्यात थोडं थोडं सलाइन भरत कातडी ताणतात. पुरेशी जागा झाली की मग इम्प्लांट. हे सगळं मला नीट समजावलं होतं. माझी कातडी ताणच घेणार नाही अशी शक्यता आहे, हे मात्र कुणी बोललं नाही. सलाइन भरलं की रात्रभर छातीवर पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. शेवटी टाक्यांची जागा उघडली, जंतुसंसर्ग झाला आणि एक्स्पांडर काढावा लागला. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "ताई, रेडिएशन झालेल्यांना असं होऊ शकतं." मग हे आधी का नाही सांगितलंत? पाठीचं किंवा पोटाचं मांस वापरून स्तन घडवता येतो, रेडिएशननंतर पुष्कळदा तोच मार्ग सुचवतात, हेही मला तेव्हाच कळलं.

इम्प्लांट नीट बसलं तरी ते जन्मभराचं नसतं. त्याभोवती कडक कवच धरू शकतं, पुढे ते बदलावं लागू शकतं. स्पर्श तर बहुतेकींना पूर्वीसारखा कळतच नाही. यातलं काहीही लेखात नाही. इम्प्लांट करू नका, असं मी कुणालाच म्हणणार नाही. कित्येकींना त्याने मोठा आधार मिळतो. पण लेख वाचून एखादी उद्याच डॉक्टरकडे जाईल. काय विचारायचं, हे तिला कळायला नको का?

आणि लेखासोबतचा तो फोटो! पाठमोरी, निरोगी, तरुण मॉडेल. आमच्या छातीवरचा व्रण छापण्याइतका वाईट दिसतो का?

याच विषयावर प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर या दोघांशी बोलून पुन्हा लेख छापा. आणि तो सौंदर्याच्या सल्ल्यांशेजारी नको, आरोग्याच्या पानावर घ्या.

आपली,
एक वाचक