चांदीची टिकली आणि ब्राँझची पट्टी : काकांना उघड आभारपत्र

प्रिय काका,

साष्टांग नमस्कार.

स्विचच्या संपर्काला कोणता धातू घ्यावा, यावरच्या तुमच्या दोन पानी टिपणावरून ॲम्प्लिफायरचा आवाज टप्प्याटप्प्याने कमी-जास्त करणारे, २४ टप्प्यांचे चार व्हॉल्यूम स्विच घरच्या घरी तयार झाले आणि चारही खरखर न करता चालताहेत. आभार उघडपणे मानतोय, कारण ज्यांच्या हाती हे टिपण पडलेलं नाही ते अजून ‘सोन्याचा मुलामा दिला की झालं’ म्हणत सराफाकडे खेपा घालत असणार.

सगळ्यात मोठा उपकार म्हणजे तुम्ही आमचा प्रश्नच बदललात. आम्ही विचारत होतो, सर्वांत चांगला वाहक कोणता? तुम्ही गणित मांडलंत : २ व्होल्टचा सिग्नल, १० किलोओहमची रेझिस्टरांची साखळी, म्हणजे प्रवाह ०.२ मिलिअँपिअर. संपर्कात अर्धा ओहम जादा असला तरी आवाजात फरक पडेल ०.०००४ डेसिबल. तेव्हा चांदी, तांबं, पितळ यांतला वाहकतेचा फरक इथे बिनकामाचा. खरी अडचण पृष्ठभागावरच्या पापुद्र्याची. घरातल्या दिव्याच्या बटणात ठिणगी तो पापुद्रा जाळून टाकते. इथे त्याला फोडायला ना व्होल्टेज आहे ना प्रवाह. म्हणून कोणत्या धातूवर कसला पापुद्रा धरतो आणि तो घासून निघतो का, एवढंच पाहायचं.

पितळेवर असा पापुद्रा धरतो, म्हणून ते बाद झालं. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या रेझिस्टन्स बॉक्समध्ये ते चालतं, कारण तिथे खुंटी पिळून घट्ट बसवतात. ‘जर्मन सिल्व्हर’चं नाव आमच्यातल्या एकाने काढलं होतं, त्यात तांबं, निकेल, जस्त असतं, चांदीचा कणही नसतो, हे तुम्ही न हसता सांगितलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

सोन्यावर पापुद्रा धरत नाही हे खरंच. पण दागिन्यांवरचा ‘वन ग्रॅम’ मुलामा अतिशय पातळ आणि सच्छिद्र असतो. खाली निकेलचा थर नसेल तर तांबं हळूहळू सोन्यातून वर येतं. पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किटच्या पट्टीवर, जो नेहमीचा ‘एनिग’ मुलामा देतात त्यात निकेल असतं, पण सोनं जेमतेम ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. सोल्डरिंगला ते छान, सरकत्या वायपरखाली, म्हणजे नॉबबरोबर फिरणाऱ्या संपर्कपट्टीखाली, घासून जातं. सरकत्या कामाला कोबाल्ट मिसळलेलं कडक सोनं हवं, पाऊण ते सव्वा मायक्रॉन जाड. पीसीबी कारखान्यात ‘हार्ड गोल्ड’ असं स्पष्ट मागितलं तर मिळतं, पण चार-दोन नगांसाठी खर्च झेपत नाही.

राहिली चांदी. ती काळी पडते ती गंधकामुळे, सल्फाइड धरून. वायपर दाबून घासत असेल आणि नॉब रोज फिरत असेल तर ते सल्फाइड निघून जातं. तुम्ही सुचवलेली रचना अशी : ४० मिमी व्यासाच्या वर्तुळावर पितळेचे २४ स्टड (स्थिर संपर्कखुंट्या), प्रत्येकाच्या माथ्यावर ४ मिमीची, अर्धा मिमी जाड चांदीची टिकली. नेहमीचं सोल्डर वितळताना चांदी विरघळवून घेतं, म्हणून टिकली २ टक्के चांदी असलेल्या सोल्डरने बसवायची. माथे फायबरग्लासच्या पट्टीपासून ०.३ मिमी वर ठेवायचे, नाहीतर घासलेल्या चांदीची भुकटी दोन स्टडांमध्ये पसरून गळती सुरू होते. टिकल्या घासायला काचेवर ठेवलेला २००० नंबरचा पॉलिश पेपर, पाणी घालून. मग टूथब्रश, साबण, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिंच-मिठाने टिकली चकाकते, पण मागे राहिलेलं क्लोराइड पुढे धातू खातं.

वायपरसाठी ०.२५ मिमीची फॉस्फर ब्राँझची पट्टी. शुद्ध चांदीवर शुद्ध चांदी घासली तर दोन्ही मऊ असल्याने एकमेकांना ओरबाडतात, म्हणून टोकाला ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं अशी कडक मिश्र चांदी. बेरिलियम कॉपर स्प्रिंगला उत्तम, पण त्याची कानस मारलेली धूळ फुप्फुसांना घातक, घरी नकोच. स्टडांमधली फट १.२ मिमीच्या आसपास येते, म्हणून टोक ३ मिमी रुंद ठेवून मधोमध चिरायचं, दीड-दीड मिमीची दोन बोटं होतात. पुढचा स्टड धरल्याशिवाय मागचा सुटत नाही. सुटला तर प्रत्येक टप्प्याला स्पीकरमधून ‘ठप्प’ ऐकू येतं. दाब दोन्ही बोटांचा मिळून ४० ते ५० ग्रॅम, सोनाराच्या खिशातल्या काट्यावर टोक दाबून मोजायचा. आणि अडसर विसरायचा नाही : १५ अंशांवर २४ स्टड म्हणजे पूर्ण वर्तुळ, अडसर नसेल तर शून्यावरून एका टिचकीत थेट पूर्ण आवाज.

तपासणीची तुमची युक्ती तर फारच कामाची. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर वायरींचाच दोन-तीन दशांश ओहम दिसतो, शिवाय त्याचं व्होल्टेज पापुद्रा फोडून खराब संपर्क चांगला दाखवू शकतं. म्हणून दीड व्होल्टचा सेल, १०० ओहम आणि १ ओहमचा विभाजक, म्हणजे व्होल्टेज कमी करणारी जोडणी. उघड्या टोकांवर १५ मिलिव्होल्ट, म्हणजे पापुद्र्याला धक्का नाही. संपर्कावरचं व्होल्टेज वेगळ्या दोन वायरींनी मोजायचं. ०.१ ते ०.२ मिलिव्होल्ट आलं तर संपर्क १० मिलिओहमच्या आसपास. १ मिलिव्होल्ट म्हणजे ७० मिलिओहम, टिकली पुन्हा साफ करा.

एक गोष्ट आम्ही टिपण वाचेपर्यंत उलटी धरली होती. शंट पद्धतीत सिग्नलच्या वाटेत एकच कायमचा रेझिस्टर असतो आणि स्विच फक्त जमिनीकडे जाणारा खालचा रेझिस्टर बदलतो, म्हणून ती सोपी वाटते, पण उणे ६० डेसिबलला खालचा रेझिस्टर फक्त १० ओहम असतो. तिथे संपर्कातला अर्धा ओहम ०.४ डेसिबलचा फरक पाडतो, तोही एकाच चॅनलमध्ये. साखळी पद्धतीत, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या रेझिस्टरांवरून वायपर सरकतो तेव्हा, वायपरपुढे १०० किलोओहमचा ॲम्प्लिफायर असतो, तिथे तो अर्धा ओहम कुठेच दिसत नाही. तेव्हा धातूच्या आधी सर्किट ठरवायचं. आणि एवढं करूनही खरखर आलीच तर धातूला बोल लावण्याआधी वायपरवर डीसी (एकदिश व्होल्टेज) येतोय का बघा, असं तुम्ही समासात लिहिलं होतं. एका स्विचला तोच रोग निघाला. १ मायक्रोफॅरडच्या फिल्म कपॅसिटरने बरा झाला.

उरलेल्या बारा टिकल्या तुमच्यासाठी पाठवतोय. झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत आहेत, पुठ्ठ्याच्या डबीत नाहीत, आणि रबरबँडही लावलेला नाही. दोन्हींतून गंधक सुटतो, तुम्हीच सांगितलेलं. पोचल्या की कळवा.

आपले,
ॲम्प्लिफायर घरी बांधणारे आम्ही चौघे