दादा, काकू आणि पोरगी, तुमचे आभार

आई नागपूरला भरती होती, मी तिच्या खाटेशी. दारव्ह्याजवळच्या गावातलं माझं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान बंद. पण लोकांचे अर्ज तिथल्याच कॉम्प्युटरवर. लॅपटॉपवरून तो उघडायचो, तर ऐन कामात स्क्रीन काळी. दोन दिवस मी नेटलाच शिव्या घातल्या.

ओळखीतून एका दादांचा नंबर मिळाला. त्यांनी पहिलंच विचारलं, "काऊन जी, परवानगीची खिडकी येते तवाच काळं होते का?" अगदी तसंच! रिमोटचं, म्हणजे दुरून कॉम्प्युटर वापरायचं सॉफ्टवेअर मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर इन्स्टॉल न करता नुसतं चालवत होतो. म्हणून विंडोजची 'होय-नाही' विचारणारी चौकट दुरून दिसतच नव्हती, अन् तिकडे 'होय' दाबायला कोणी नाही.

शेजारच्या किराणावाल्या काकूंनी पोरीला धाडलं. तिनं शटर उघडून ते 'होय' दाबलं, इन्स्टॉल केलं, कॉम्प्युटर आपोआप स्लीपमध्ये जाणं बंद केलं. आमच्याकडे लाईन जायला निमित्त लागत नाही. लाईन परत आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, ही बायोसमधली (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमधली) सेटिंगही तिनंच बदलली, व्हिडिओ कॉलवर, डिलीटचं बटण टकटक दाबत.

मी दादांना पासवर्ड सांगू लागलो, तर रागावले: "मलेही सांगू नका!" पैसेही घेतले नाहीत.

त्याच रात्री सगळे अर्ज गेले. तुमचे तिघांचेही मनापासून आभार. दुकानाची एक चावी अजून त्या पोरीकडेच आहे. राहू द्या तिच्याजवळच.