बाबा, तुमची लेव्हल इथे विमानातून लागते

रॉटरडॅम, रविवार

ती. बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

मागे फोनवर बाबांनी विचारलं होतं, "शहराचं नियोजन करतेस म्हणजे दिवसभर नेमकं काय करतेस?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आई, मध्येच कंटाळलीस तर पत्र बाबांकडे दे, पण खाली एका आजोबांची गोष्ट आहे ती तेवढी वाच.

बाबा, तुमची सगळी नोकरी डंपी लेव्हलमागे, जमिनीची उंच-सखल पातळी मोजायच्या त्या दुर्बिणीमागे गेली. ट्रायपॉड रोवायचा, बबल मध्यावर आणायचा, समोर कुणीतरी स्टाफ, म्हणजे आकड्यांची उंच पट्टी धरून उभा, आणि तुम्ही मागची-पुढची वाचनं, बॅकसाइट, फोरसाइट लिहून घेताय. इथे तेच काम विमान करतं. उडता उडता खाली लेसरचे ठोके सोडतं आणि ठोका जमिनीला लागून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून उंची काढतात. सबंध नेदरलँड्स अशी मोजून झाली आहे आणि तीही एकदा नाही, पुन्हा पुन्हा. पहिली फेरी १९९०च्या दशकात सुरू झाली. आज देशभरात अर्ध्या मीटरच्या प्रत्येक चौकोनाला स्वतःची उंची आहे, फरक पडला तर काही सेंटिमीटरचा. या साठ्याला एएचएन म्हणतात. तुमचे बेंचमार्क, उंची पक्की ठाऊक असलेल्या त्या खुणा, मात्र इथेही आहेत! भिंतींमध्ये ठोकलेले ब्राँझचे सुमारे ३५ हजार बोल्ट देशभर आहेत आणि सगळ्यांचं शून्य ॲमस्टरडॅमच्या जुन्या पाणपातळीवरून धरलेलं आहे. आमच्या ऑफिसच्या वाटेवर असा एक आहे. येता-जाता त्याला हात लावते, तुमची आठवण येते.

या उंचींचं आम्ही काय करतो? स्क्रीनवर पाऊस पाडतो. एखाद्या वस्तीवर तासाभराची मुसळधार ओतायची आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघायचं. रॉटरडॅमचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, इथे पाणी आपोआप निघून जात नाही, पंपाने उपसावं लागतं. म्हणून दहा सेंटिमीटरचा कर्ब, म्हणजे फुटपाथची कड, कुठे उचलला आणि कुठे उतरवला, यावर कुणाच्या तळघरात पाणी शिरेल ते ठरतं. कर्ब सरकवायचा, पुन्हा पाऊस पाडायचा, पुन्हा बघायचं. पूर्वी हे रस्ता बांधून झाल्यावर, पहिल्या मोठ्या पावसात कळायचं.

कोपनहेगनला ते तसंच कळलं. २ जुलै २०११ला तिथे काही भागांत दोन तासांत १५० मिमीच्या आसपास पाऊस झाला, रस्ते आणि तळघरं बुडाली. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा आराखडा केला. काही रस्ते मध्यभागी खोलगट ठेवायचे, म्हणजे पावसात तोच रस्ता पाण्याची वाट होतो आणि घरं कोरडी राहतात. मला ही कल्पना फार आवडते. गटार मोठं करत बसण्यापेक्षा रस्त्यालाच उतार शिकवला.

आमच्याकडे बेंथेमप्लेन नावाचा चौक आहे, २०१३ साली झाला. परवा भर पावसात मुद्दाम जाऊन उभी राहिले. तीन खोलगट जागा आहेत. सगळ्यात खोल आहे ते बास्केटबॉलचं मैदान, चहूबाजूंनी पायऱ्या, कोरड्या दिवसांत पोरं तिथे बसलेली असतात. आजूबाजूच्या छपरांवरचं पाणी स्टीलच्या रुंद पन्हळींतून येतं, आणि त्या पन्हळी जमिनीखाली लपवलेल्या नाहीत, डोळ्यांसमोर आहेत. आधी दोन उथळ खड्डे भरतात. पाऊस थांबलाच नाही तर मग मैदानात पाणी येतं. सगळं मिळून साधारण १७ लाख लिटर. मी गेले तेव्हा मैदान कोरडंच होतं, पण पन्हळीतून पाणी असं खळाळत होतं की छत्री बाजूला करून वाकून बघत राहिले.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी एका वस्तीच्या नकाशावर मला एका पुलामागे मोठं तळं साचलेलं दिसलं. दोन दिवस मी त्याच्यावर उपाय शोधत होते! मग सायकल काढून गेले, तर पुलाखालून छान रुंद रस्ता, पाण्याला मोकळी वाट. विमानाला फक्त पुलाची पाठ दिसते, खालचा बोगदा दिसत नाही, म्हणून संगणकाने पुलाचं धरण केलं होतं. असे पूल हाताने कापून घ्यावे लागतात. आणि गंमत म्हणजे या पाण्याच्या देशात कालवे नकाशावर रिकामे, काळे दिसतात, कारण हा लेसर पाणी गिळून टाकतं, ठोका परतच येत नाही. तेव्हापासून माझा नियम झाला आहे: जागेवर पाय ठेवल्याशिवाय रेघ ओढायची नाही. तुमचाच नियम, बाबा.

आणि आता ते आजोबा. एका गल्लीचं काम काढायच्या आधी आम्ही रहिवाशांची बैठक घेतली. पडद्यावर आमचा सुंदर रंगीत नकाशा. मागच्या रांगेतून एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ उठले आणि पिशवीतून गुंडाळलेला कागद काढला. एएचएन कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. त्यांनी घरी बसून आपल्या गल्लीच्या उंची काढल्या होत्या, वर पेन्सिलीने उतार लिहिले होते. म्हणाले, "तुमच्या नव्या उतारानं पाणी माझ्या दारात येतं. आणि माझ्या उंबऱ्याची उंची विमानाला दिसलेली नाही, ती मी पट्टीनं मोजली आहे." आम्ही तिथेच पुन्हा गणित केलं. त्यांचं बरोबर होतं. रेखांकन बदललं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नवं तंत्र म्हटलं की लोक विमानाबद्दल, संगणकाबद्दल बोलतात. मला वाटतं, खरा बदल तो कागद आहे. नियोजन करणाऱ्याकडे जे आकडे आहेत तेच रहिवाशाच्या पिशवीत असले, तर बैठक वेगळी होते. तिथे विनंती होत नाही, वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

उलट उदाहरणही आहे. टोरांटोच्या किनाऱ्यावर सुमारे १२ एकरांत सेन्सरांनी भरलेली वस्ती वसवायची योजना २०१७च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली. करणारी कंपनी साइडवॉक लॅब्ज, गूगलच्या मालक कंपनीची. लोकांनी पहिल्यापासून एकच गोष्ट लावून धरली: आमच्या चालण्याफिरण्याची माहिती गोळा होणार, ती कुणाची? मे २०२०मध्ये कंपनीने आर्थिक अनिश्चिततेचं कारण देऊन योजना सोडली, पण त्या प्रश्नाचं सगळ्यांना पटेल असं उत्तर तोवर मिळालेलं नव्हतं. जमिनीची उंची मोजणं आणि माणसाची पावलं मोजणं यांत मला तरी फार अंतर दिसतं. पहिलं जितकं उघडं ठेवू तितकं चांगलं. दुसरं करायचं असेल तर ज्याची पावलं आहेत त्याला आधी विचारा.

आई, माझी तब्येत उत्तम आहे, काळजी करू नकोस. झोपही होते, ती एक रात्र सोडली तर.

बाबा, एक काम आहे. तुमच्या जुन्या लेव्हल बुकातल्या एका पानाचा फोटो पाठवा, राइज अँड फॉलचा, म्हणजे चढ-उताराचा, पूर्ण तक्ता असलेलं, शेवटचा ताळा जुळलेलं पान. आमच्याकडे दोन नवीन मुलं आली आहेत. उंची स्क्रीनवर तयारच मिळते, असं त्यांना वाटतं. त्यांना तुमचं अक्षर दाखवायचं आहे.

तुमची,
धाकटी