घोट्याच्या आणि घरच्यांच्या उपचाराबद्दल

फिजिओ ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची फी दिली, आभार तेवढे राहिले. समोर मानले असते तर "अहो, त्यात काय" म्हणून तुम्ही पुढच्या पेशंटला आत बोलावलं असतं. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

खो-खो खेळताना खांबाला वळसा घालताना लेकीचा पाय आत मुडपला आणि घोटा बाहेरच्या बाजूने टम्म सुजला. तुमच्याकडे आलो तेव्हा तिच्या बाबांना एमआरआय हवा होता, सासूबाईंना गावाकडचा चोळून देणारा, आणि लेकीला पुढच्या आठवड्यातली मॅच. तुम्ही तिघांचंही ऐकून घेतलंत, मानलं एकाचंही नाहीत, आणि तरी कुणी रुसलं नाही!

घोट्याच्या दोन्ही हाडांची मागची कड, पावलाच्या आतल्या बाजूचं हाड, करंगळीकडचं हाड असं एकेक दाबून पाहिलंत. मग तिला चार पावलं चालायला लावलंत. ती लंगडत का होईना, चालली. दुखत होतं ते हाडावर नाही, त्याच्या पुढच्या खळगीत. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली ही तपासणी मांडली आणि तिच्यात काही आढळलं नाही तर साधा एक्स-रेसुद्धा सहसा लागत नाही, हे ऐकून बाबा गप्प झाले. आमच्याकडे हे क्वचितच घडतं.

सासूबाईंना तर तुम्ही जिंकूनच घेतलंत. आंबेहळदीचा लेप लावा, पण गरम नको आणि चोळायचं अजिबात नाही. हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याचे धागे आत तुटलेत, आत्ता रगडलं तर सूज वाढेल. आता शेजारीपाजारी कुणाचा पाय मुरगळला की त्याच हे सांगतात, जणू त्यांचाच शोध.

बर्फाबद्दलही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर, ही चौकडी १९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी लोकप्रिय केली आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी दुखापत भरायला उलट उशीर होऊ शकतो. म्हणून ठणका असेल तेव्हाच, कापडात गुंडाळून, थोडा वेळ बर्फ. बाकी क्रेप बँडेज आणि पायाखाली उशा.

पण खरे आभार पुढच्या आठवड्यांचे. सूज उतरली, दुखायचं थांबलं, लेक म्हणाली झालं बरं. तुम्ही तिला त्याच पायावर डोळे मिटून उभं राहायला सांगितलंत आणि ती लगेच डगमगली. पाऊल कुठे, किती कललंय ही खबर मेंदूला देणाऱ्या नसांची टोकं त्या पट्ट्यात असतात. पट्टा फाटला की तीही बिघडतात, म्हणून एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळतो. मग सुरू झाली अंगठ्याने हवेत बाराखडी, सायकलच्या जुन्या ट्यूबला ताण, पायरीच्या कडेवर चवड्यांवर चढउतार, घडी घातलेल्या गोधडीवर एका पायावर तोल. त्यानंतर उड्या आणि नागमोडी धावणं. खांब सगळ्यात शेवटी. ती चिडली, रडली. तुम्ही आवाज चढवला नाहीत आणि मॅचची तारीखही मानली नाहीत.

तुमच्याकडे महागडं यंत्र फारसं दिसलं नाही. एकदा लेकीने "शेक देणारं मशीन नाही का?" असं विचारलं, तर तुम्ही तिच्या हातात ट्यूब दिलीत. मला ते फार पटलं. मशीनखाली पडून राहणं सोपं असतं, आणि पालकांना पैसे वसूल झाल्यासारखंही वाटतं.

ती आता खेळतेय, घोट्याला टेप बांधून. तिच्या संघातली एक मुलगी मांडीच्या मागचा स्नायू ताणला तरी तशीच पळत होती. हिनेच तिला तुमच्याकडे पाठवलं. सर विचारत होते, सराव सुरू करण्याआधीचे तोल सांभाळायचे व्यायाम तुम्ही एका कागदावर लिहून द्याल का? मैदानावरच्या खोलीत लावायचा आहे. अक्षर जरा मोठं काढा, सरांना चष्म्याशिवाय दिसत नाही.

आपली,
खो-खोवाल्या मुलीची आई