किरणं ती किरणंच नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या अंकाच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक आमच्या उंबऱ्यावर पडलं. ‘पांढऱ्या डागांवर परदेशी लाइट ट्रीटमेंट, दहा सिटिंगमध्ये फरक.’ पत्रकं विक्रेता घालतो, संपादकांचा त्याच्याशी संबंध नसतो, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र आपल्यालाच लिहितोय. कारण माझी भाची ‘पेपरातनं आलंय’ एवढ्या भरवशावर तिथं गेली.

तिला कोड आहे: मानेवर दोन आणि ओठाच्या कोपऱ्यात एक डाग. गांधीनगरला एका कापड दुकानात ती हिशेब बघते. सकाळी दहाला आत, रात्री आठला बाहेर. घरात स्थळं बघणं चालू आहे. पत्रकातलं ते सलून रात्री साडेनऊपर्यंत उघडं, तिथं ओळखीचं कुणी भेटत नाही, केसपेपर काढायला लागत नाही. तिला दोष कसा देऊ? तीन सिटिंग झाली आणि मानेवर पाण्याचे फोड घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली. तिला आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं आणि दुसऱ्या दिवशी एकटाच ती जागा बघून आलो.

मी हायस्कूलात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यामुळे यंत्र दिसलं की आधी त्याची पाटी वाचायची, ही खोड गेलेली नाही. झाकणाचा पलंग, वर-खाली जांभळट नळ्या, आत चादर घातलेली. झाकणावर अर्धवट सोललेलं इंग्रजी स्टिकर होतं: डोळ्यांना गोगल लावा, औषध किंवा प्रसाधन वापरत असाल तर डॉक्टरांना विचारा. गोगल कुठं दिसला नाही. हा टॅनिंग बेड, गोऱ्या देशांतली माणसं कातडी तांबूस करून घ्यायला यात झोपतात. शेजारच्याच खुर्चीत एक बाई गोरं व्हायचं फेशियल करून घेत होत्या, हेही सांगितलं पाहिजे. नळी कुठली म्हणून विचारलं, तर चालवणारा पोरगा म्हणाला, “काका, किरणं ती किरणंच की! डॉक्टर उभं करत्यात, आमी झोपवतो.”

पोरगा उद्धट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि मला भीती वाटते ती त्या समजाचीच.

अतिनील किरणांचे दोन भाग आपल्या कामाचे. लहरींची लांबी २८० ते ३१५ नॅनोमीटर तो यूव्हीबी, ३१५ ते ४०० तो यूव्हीए. डागांवर डॉक्टर देतात तो ‘नॅरोबँड’ प्रकाश ३११ नॅनोमीटरच्या आसपासचा, एका चिंचोळ्या पट्टीतला. टॅनिंग बेडमध्ये बहुतेक सगळा यूव्हीए, यूव्हीबी अगदी थोडा. तेवढ्यावरही एखाद्याला रंगाचे चार ठिपके येत असतील, मी नाही म्हणत नाही. पण ताकदवान बेडमधला यूव्हीए भर दुपारच्या उन्हाच्या दहा-पंधरा पट असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली हे बेड कर्करोग निश्चितपणे घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखू त्याच गटात आहे. ब्राझीलने त्याच वर्षी या बेडवर बंदी घातली. किरणोत्सवाला देवळात अंबाबाईच्या चरणांपर्यंत आलेली मावळतीची किरणं मुखापर्यंत का पोहोचली नाहीत, यावर आपल्या गावात पारापारावर चर्चा होते. किरण कुठला आणि किती, हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवायला लागू नये.

भाचीला फोड मात्र नुसत्या दिव्याने आले नाहीत. ‘आयुर्वेदिक तेल अर्धा तास आधी चोळून या’ असं तिला सांगितलं होतं. बाटली हुंगली आणि मला आमची आजी आठवली. बावचीचं तेल! बावचीच्या बियांत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते कातडीला यूव्हीएपुढे उघडं पाडतं. डॉक्टरही सोरालेन आणि यूव्हीए मिळून उपचार करतात, पण मोजून. इथं सोरालेन अंदाजाने आणि यूव्हीए पलंगभर. या भाजण्याची खोड अशी की ते लगेच दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी उमटतं. म्हणून पहिल्या दोन सिटिंगला काही झालं नाही असं वाटून ती तिसऱ्याला गेली.

आता मानेवरचा फोड बसलाय आणि तिथं नवा पांढरा पट्टा दिसायला लागलाय. कोड असलेल्या कातडीला जखम, भाजणं, घासणं झालं की तिथंच नवा डाग येऊ शकतो. शिवाय भोवतालची चांगली कातडी रापून काळी झाली, त्यामुळे जुने डाग आणखी उठून दिसतात. “मामा, हे वाढलं का आधीच होतं?” असं ती आरशात बघून रोज विचारते.

हे सगळं मी ऐकीव सांगत नाही. मला स्वतःला सेहेचाळिसाव्या वर्षी कोड निघालं. वर्गातल्या पोरांना कितीतरी दिवस वाटायचं, सरांच्या बोटांना खडू लागलाय. मी नॅरोबँड घेतला. कपाटासारख्या खोलीत गोगल लावून उभं राहायचं, आठवड्यातून दोनदा, लागोपाठच्या दिवशी कधीच नाही. पहिल्या दिवशी काही सेकंदच. दर वेळी आत जाण्याआधी सिस्टर एकच प्रश्न विचारायच्या: “मागच्या खेपेला लाल झालं होतं? किती वेळ राहिलं?” त्या उत्तरावर पुढचा डोस ठरायचा, वहीत लिहिला जायचा. तिसऱ्या महिन्यात गालावर केसांच्या मुळाशी तिळाएवढे ठिपके आले. वर्षभरात चेहरा भरला. बोटं आली नाहीत. बोटांची टोकं सहसा येत नाहीत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दहा सिटिंगची भाषा त्यांनी कधी केली नाही.

पण हेही मान्य केलं पाहिजे की दोन मिनिटांच्या प्रकाशासाठी गडहिंग्लजहून आठवड्यात दोनदा एसटीने यायचं, असं सहा महिने, हे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही. सलूनवाला त्या फटीतून आत शिरतो. शहरात जिथं जिथं अशी यंत्रं आहेत, सरकारी असोत वा खासगी, तिथं आठवड्यातले दोन दिवस रात्री नऊपर्यंत पाळी ठेवता येणार नाही का? सिस्टरांवर भार पडेल, तो भार मोजून त्यांना मोबदला द्या.

आणि आता आपल्याकडे मागणं. औषधं व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा १९५४ चा कायदा आहे. ज्या रोगांवर उपचाराचा दावा करून जाहिरात करता येत नाही त्यांच्या यादीत कोड, म्हणजे ल्युकोडर्मा, आहे. जाहिरात म्हणजे केवळ छापील पान नव्हे, परिपत्रक आणि सूचनाही त्यात येतात. तेव्हा घडीत घातलेलं पत्रक ‘आमचं नव्हे’ म्हणून सुटत नाही, असं मला वाटतं. वितरण विभागाने विक्रेत्यांना एवढी ताकीद द्यावी. अन्न व औषध प्रशासनालाही मी पत्रक जोडून अर्ज दिलाय.

जाता जाता: आमच्या घरी अजूनही कुणी कोडाला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणतं, आणि स्थळ बघणारे तो शब्द ऐकून चहा अर्धा ठेवतात. कुष्ठरोगाशी याचा काडीचा संबंध नाही. खुद्द कुष्ठरोग हेही घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ साली कायद्यातून काढून टाकलं गेलं.

उरलेल्या सात सिटिंगचे पैसे मागायला परवा भाची आणि मी गेलो होतो. पैसे मिळाले नाहीत, ‘तेल बदलून देतो’ म्हणाले. मी नळीवरचा नंबर आणि त्या स्टिकरवरचा मजकूर वहीत उतरवून घेतलाय. कुणी अधिकारी चौकशीला आला तर वही दाखवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर